उन्हाळ्याची सुट्टी, मुले आणि पुस्तके : वाचणे व घडविणे

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हाती तथागतांचे चरित्र प्रथम केव्हा आले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांनी एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ती त्यात छापली गेली नाही. पुढे ती उजेडात आली. तीत ते सांगतात की, इंग्रजी चौथीची परीक्षा आपण उत्तीर्ण झालो तेव्हा समाजातील मंडळींनी अभिनंदनाची सभा घ्यायचे ठरविले. इतर समाजांच्या मानाने ही मजल फार मोठी नव्हती, परंतु आपल्या समाजातून तेथवर पोहोचलेला तो पहिलाच मुलगा होता. अशा सभेने मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडील सुभेदार रामजी तयार नव्हते. तेव्हा मंडळी दादा केळुसकरांकडे गेली. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी रामजींचे मन वळविले, सभा झाली आणि सभेच्या शेवटी गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. पुष्कळ चरित्रांत हा प्रसंग १९०७ सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेनंतरचा म्हणून दिला आहे. परंतु बाबासाहेबांचे स्वतःचे सांगणे वरीलप्रमाणे आहे.

इंग्रजी चौथी म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण आठवी. त्या वयात हाती पडलेले पुस्तक त्या मुलाच्या मनात घर करून राहिले आणि त्याचा शेवट नागपूर व चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर झाला, हे आपण सर्व जाणतो. या प्रसंगात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, ते शाळेचे पाठ्यपुस्तक नव्हते. दुसरी, ते एका मोठ्या माणसाने आपण होऊन मुलाच्या हातात ठेवले होते. आज चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आपल्या पाचवी ते आठवीच्या किती मुलांच्या हाती असे पुस्तक पडते, याचा विचार समाजबांधवांनी करावा, यासाठी हा लेखप्रपंच.

सुट्टीचे सात आठवडे

आपल्या विदर्भात ऊन कडक असल्याने शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जून महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे मे महिन्याच्या आरंभापासून सुमारे सात आठवडे मुले शाळेबाहेर असतात. या काळात चंद्रपूर व ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते. शहरातील काही मुले शिबिरांना जातात. खेड्यातील मुलांपैकी कोणी आईवडिलांसोबत तेंदूपत्त्याला जाते, कोणी लहान भावंडे सांभाळते, कोणी मामाच्या गावी जाते, तर अलीकडे पुष्कळ मुले दिवसभर मोबाईलवर डोळे लावून बसतात. पुस्तक मात्र मार्चअखेर किंवा एप्रिलात परीक्षा झाली की मिटते, ते शाळेची घंटा वाजेपर्यंत उघडत नाही.

याचा परिणाम काय होतो? बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला तो दिसतो. म्हातारी आजी नातवाला सोबत घेऊन येते. विड्रॉल स्लिप नातू भरतो व आजी अंगठा देते. नातू सहावी-सातवीत असतो. खाते क्रमांक बरोबर लिहितो, रक्कम आकड्यात बरोबर लिहितो. 'अक्षरी रुपये' या जागेपाशी आला की त्याचा पेन थांबतो. "काका, अडीच हजार कसे लिहायचे?" असे तो विचारतो. हे विशेषतः जून-जुलैमध्ये जास्त जाणवते. मुलगा मठ्ठ नसतो. हाताला आणि डोळ्याला अक्षरांची सवय राहिलेली नसते एवढेच. ज्या समाजाच्या तीन पिढ्यांनी अंगठ्याकडून सहीकडे येण्यासाठी कष्ट उपसले, त्या समाजाने ही गोष्ट लहान समजू नये.

इतर देशांतील ग्रंथालयांनी याचा विचार फार पूर्वीपासून केला आहे. अमेरिकेत मुलांसाठी उन्हाळी वाचनाचे उपक्रम शंभराहून अधिक वर्षे चालत आले आहेत. इंग्लंडमध्ये १९९९ पासून सार्वजनिक ग्रंथालये उन्हाळी वाचनाचे आव्हान ठेवतात. त्यात मुलाने सुट्टीत सहा पुस्तके वाचावयाची असतात. पुस्तके त्याने स्वतः निवडायची आणि ती ग्रंथालयातून फुकट मिळतात. यात आपल्याला न जमण्यासारखे काही नाही.

विहारातील कपाट

आपल्याकडे ग्रंथालय कोठे आहे, असा प्रश्न कोणी विचारील. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. तालुक्याच्या ठिकाणी शासनमान्य ग्रंथालये आहेत. परंतु एटापल्ली, भामरागड, कोरची किंवा जिवती या भागांतील खेड्यातल्या मुलाला तालुक्याचे गाव जवळ नसते. मग जवळ काय असते? विहार असतो. आणि पुष्कळ विहारांत पुस्तकांचे एक कपाटही असते. देणगीतून, जयंतीच्या निमित्ताने, कोणाच्या स्मरणार्थ पुस्तके आलेली असतात. पण कपाटाला कुलूप असते व किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ शेतावर किंवा नोकरीच्या गावी असतात.

मी एका गावी असे कपाट उघडताना पाहिले. वरच्या दोन फळ्यांना वाळवी लागली होती. खालच्या फळीवरील जातककथांच्या प्रतींचे दोरेही तुटलेले नव्हते. पुस्तके हरवतील या भीतीने ती मुलांना दिली गेली नव्हती. पुस्तक हरवले तर ते निदान कोणाच्या तरी घरी असते. वाळवीने खाल्ले तर कोणाच्याच कामी येत नाही.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृहे काढणे, वाचनालये उघडणे हे तिच्या कार्यातच होते. सोलापूरला वसतिगृह निघाले, मुंबईत मोफत वाचनालय निघाले आणि विद्यार्थ्यांचे 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालविले गेले. म्हणजे मुलांनी वाचावे आणि मुलांनी लिहावे, या दोन्ही गोष्टी शंभर वर्षांपूर्वी त्यांनी एकत्रच पाहिल्या होत्या. आपणही त्या एकत्रच कराव्यात.

दोन पौर्णिमांच्या मधला काळ

आपल्याकडे वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आषाढ पौर्णिमेपासून, विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करण्याची चांगली प्रथा रुजली आहे. मोठ्यांचे वाचन पावसाळ्यात होते, तसे मुलांचे वाचन उन्हाळ्यात व्हावे. वैशाख पौर्णिमेला, म्हणजे बुद्ध जयंतीच्या दिवशी, कपाटाचे कुलूप मुलांच्या हस्ते उघडावे आणि आषाढ पौर्णिमेला, मोठ्यांचे ग्रंथवाचन सुरू होण्यापूर्वी, मुलांनी आपण काय वाचले व काय घडविले ते सभेपुढे मांडावे. यासाठी निराळा कार्यक्रम, निराळा मंडप लागत नाही.

वेळ ठरविताना गावाचे काम पाहावे. शहरात व मोठ्या गावांत दुपारी बारा ते तीन ही वेळ योग्य. मुले उन्हातून वाचतात आणि विहार थंड असतो. तेंदूपत्त्याच्या गावांत मात्र पहाटे पाने तोडणे, दुपारी पुडे बांधणे आणि संध्याकाळी ते फळीवर नेणे असा क्रम असतो. तेथे दुपारची वेळ ठेवून मुलांना बोल लावू नये. ती घरची वर्षाची मिळकत आहे. तेथे फळीवरून परतल्यावर दिव्याच्या उजेडात एक तास पुरे. हंगाम फार दिवसांचा नसतो. तो संपला की वेळ बदलता येते.

कोणती पुस्तके द्यावीत?

मुलांना फक्त धम्माचीच किंवा फक्त महापुरुषांचीच पुस्तके द्यावीत, असा आग्रह काही मंडळी धरतात. हेतू चांगला असला तरी तो आग्रह सोडावा. अगोदर मुलाला वाचनाची गोडी लागू द्यावी.

जातककथा तर हव्यातच. पालीतील संग्रहात ५४७ जातके आहेत आणि त्यांत माकड, हरीण, हत्ती, लावे, कासव अशी आपल्या रानातील मंडळी आहेत. चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी हे पालीचे पंडित होते आणि त्यांनी जातकांतील निवडक गोष्टी मराठीत आणल्या, हे मुलांना सांगितले तर त्यांना नवल वाटते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही मुले हातातून सोडत नाहीत. जपानमधील एका वेगळ्या शाळेची कथा सांगणारे 'तोत्तोचान' नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणले आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतात. मोबाईल हाती आहेच तर त्याचा हा उपयोग करावा. मारुती चितमपल्ली यांची रानाविषयीची पुस्तके आपल्या भागातील मुलांना विशेष जवळची वाटतील. चितमपल्ली नवेगाव बांध व नागझिऱ्याच्या जंगलांत वनाधिकारी होते. आठवीच्या मुलाला वसंत मून यांचे 'वस्ती' द्यावे. नागपूरच्या आपल्याच वस्तीतले बालपण त्यात आहे.

निवड मुलाची असावी. मुलाने चार पाने वाचून पुस्तक परत केले तर "अर्धवट का टाकले?" असे विचारू नये, दुसरे द्यावे.

वाचनाचे पासबुक

वाचलेल्या पुस्तकाचा गोषवारा लिहावयास लावणे, प्रश्नमंजूषा घेणे, पहिला-दुसरा नंबर काढणे हे प्रकार सुट्टीत टाळावेत. त्याने सुट्टी पुन्हा शाळा होते. त्याऐवजी मी एक साधी युक्ती सुचवितो. प्रत्येक मुलाला वहीच्या दोन कागदांचे एक पासबुक करून द्यावे. त्यात चार रकाने आखावेत : तारीख, पुस्तकाचे नाव, आज वाचलेली पाने आणि आजची जमा. 'जमा' या रकान्यात मुलाने फक्त एक ओळ लिहावी. नवा शब्द, आवडलेले वाक्य, न पटलेली गोष्ट, पडलेला प्रश्न यांपैकी काहीही चालेल. विहारातील ताई किंवा दादाने तारखेपुढे सही करावी. पासबुकात नोंद व्हावी म्हणून मुले पाने वाचतात आणि आठवड्याने मागे वळून पाहिले म्हणजे आपलीच शिल्लक पाहून त्यांना हुरूप येतो. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने काढू नयेत. पासबुक खातेदाराचे असते.

मुलांनी घडविलेले पुस्तक

वाचनाइतकेच, किंबहुना आपल्या भागात त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाने स्वतः एक पुस्तक तयार करणे. पूर्वी आपल्या शाळांतून हस्तलिखित निघत असे. ती प्रथा पुष्कळ ठिकाणी बंद पडली आहे. ती पुन्हा सुरू करता येईल.

लहान मुलांसाठी एका कागदाचे पुस्तक सोपे. एक मोठा कागद आधी निम्म्यात, पुन्हा निम्म्यात आणि तिसऱ्यांदा निम्म्यात दुमडला की आठ चौकोन पडतात. कागद उलगडून आडवा निम्म्यात घडी घालावा व घडीच्या बाजूने मधोमध एका चौकोनापर्यंत कात्रीने कापावे. पुन्हा उलगडून लांबीच्या घडीवर दुमडावा व दोन्ही टोके आत ढकलली की शिवणीवाचून आठ पानांचे पुस्तक तयार होते. पहिले पान मुखपृष्ठ, शेवटचे मलपृष्ठ, मध्ये सहा पानांची गोष्ट.

मोठ्या मुलांनी शिवलेले पुस्तक करावे. आठ कोरे कागद एकत्र मधोमध दुमडले की ३२ पाने होतात. घडीवर दाभणाने तीन छिद्रे पाडून जाड दोऱ्याने शिवावे. पुठ्ठ्यासाठी जुन्या लग्नपत्रिका, मिठाईचे खोके किंवा जुने कॅलेंडर चालते. चिकटविण्यासाठी मैद्याची किंवा भाताची खळ. तीस मुलांना प्रत्येकी आठ म्हणजे २४० कागद लागतात. पाचशे कागदांचे अर्धे रीमही संपत नाही. एखाद्या उपासकाने चहापाण्याचा एक खर्च वाचविला तरी एका गावाचे काम भागेल.

आता त्या ३२ पानांत काय लिहायचे? मुलाला "निबंध लिही" म्हटले की तो पाठ केलेला निबंध लिहितो. म्हणून विषय असा द्यावा की ज्याचे उत्तर गाईडमध्ये मिळत नाही. काही उदाहरणे देतो.

पहिले, आमच्या गावातील झाडे. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंगलाचा आहे. मुलाला मोह, चार, तेंदू, बेहडा, पळस, ऐन ओळखता येतात. एका पानावर पान दाबून चिकटवावे, समोरच्या पानावर नाव, फुलण्याचा महिना आणि घरातील मोठ्यांनी सांगितलेला उपयोग लिहावा. डॉ. राणी बंग यांचे 'गोईण' हे पुस्तक गडचिरोलीच्या स्त्रियांकडून झाडांचे ज्ञान ऐकूनच तयार झाले. म्हणजे आपल्या आजीला जे ठाऊक आहे त्याचे पुस्तक होऊ शकते, हे मुलाला पटते.

दुसरे, तेंदूपत्त्याचा हिशेब. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. आमच्या घरी किती जण गेलो, किती पुडे झाले, किती पाने झाली, हात कोणाचा भराभर चालतो, रानात वाघाच्या भीतीने कशी काळजी घेतली. गणित, भाषा आणि घरच्या कष्टांची जाण तिन्ही यात येतात.

तिसरे, आमच्या परिसरातील जुने. भद्रावतीची विजासन बौद्ध लेणी, चंद्रपूरचा परकोट, सिरोंचाजवळच्या वडधमचे जीवाश्म, वर्धा व वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता. जवळ जे असेल ते पाहून त्याचा नकाशा काढावा.

घरची भाषा

आपल्या दोन जिल्ह्यांत मुलाची घरची भाषा एकच नाही. झाडीपट्टीत झाडीबोली आहे, भामरागडकडे माडिया, अनेक ठिकाणी गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली. झाडीबोलीचा मुलगा 'ण'च्या ठिकाणी 'न' बोलतो म्हणून वर्गात हसे होते आणि तो बोलेनासा होतो. असा मुलगा वाचीलही कमी. मुलांच्या पुस्तकात घरचा शब्द अवश्य येऊ द्यावा. त्यासाठी एक निराळे पुस्तकच करता येईल : डाव्या पानावर घरचा शब्द व चित्र, उजव्या पानावर शाळेचा शब्द. असा गावचा शब्दसंग्रह मुलेच तयार करू शकतात.

यात धम्माच्या विरुद्ध काही नाही, उलट धम्माला धरूनच आहे. बुद्धवचन वैदिक छंदांच्या भाषेत घालावे, अशी विनंती दोन भिक्खूंनी केली तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची मोकळीक दिली, असे विनयपिटकात नमूद आहे. विहारात जमणाऱ्या मुलांत आपल्या शेजारची गोंड, माना, ढिवर समाजाची मुलेही असावीत. पुस्तकाच्या कपाटाला जात नसावी.

१६ ऑक्टोबरचे साक्षीदार

आता सर्वांत तातडीच्या पुस्तकाविषयी. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या दिवशी मैदानावर दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. ज्यांना तो दिवस नीट आठवतो अशी माणसे गावोगाव आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत आणि दरवर्षी कमी होत आहेत. मोठ्या नेत्यांची भाषणे ग्रंथांत आली. आपल्या गावची माणसे कशी निघाली, पायी की बैलगाडीने, शिदोरी काय होती, पांढरे लुगडे कोणाकडून आणले, परत आल्यावर देव्हाऱ्याचे काय केले, हे कोणी लिहून ठेवले नाही.

हे काम सातवी-आठवीची मुले करू शकतात. दोन-दोन मुलांनी एका आजी-आजोबांकडे जावे. प्रश्न पाच-सहाच न्यावेत. उत्तरे ते जशी सांगतील त्याच बोलीत लिहावीत, सुधारू नयेत. लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे आणि त्यांच्या संमतीनेच पुस्तकात घ्यावे. ज्यांच्या गावातून कोणी गेले नव्हते त्यांनी गावातील पहिला मॅट्रिक, पहिली शिकलेली मुलगी, विहाराची पहिली वीट यांविषयी विचारावे. आजोबांची हकीकत नातीच्या हस्ताक्षरात लिहिलेली असेल तर ते घर ती वही जपून ठेवील.

समाजबांधवांस विनंती

प्रत्येक विहार कमिटीने येत्या वैशाख पौर्णिमेपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. कपाट उघडून पुस्तके उन्हात वाळवावीत, कडुनिंबाचा पाला घालून यादी करावी. कॉलेजात शिकणाऱ्या एका ताई-दादांकडे किल्ली द्यावी. आणि नोकरदार बांधवांनी जयंतीच्या वर्गणीसोबत एक मुलांचे पुस्तक द्यावे. मुलांनी केलेल्या पुस्तकांची एक प्रत विहारात राहावी, म्हणजे पुढील वर्षीच्या मुलांना वाचावयास आपल्याच गावचे पुस्तक मिळेल. झेरॉक्स काढून शाळेलाही एक द्यावी.

राज्यात १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरील सोहळाही १५ व १६ ऑक्टोबरलाच असतो आणि तेथे पुस्तकांची दुकाने लागतात. त्या दुकानांच्या रांगेत एक सतरंजी आपल्या मुलांच्या हस्तलिखितांसाठी अंथरावी, एवढी आमची इच्छा आहे. इंग्रजी चौथीतल्या एका मुलाच्या हाती केळुसकर गुरुजींनी पुस्तक ठेवले होते. आपल्या गल्लीतील सातवीतल्या मुलाच्या हाती ते ठेवण्याचे काम आपले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!